दारू सुटली, हेच खूप

२४ जानेवारी १९७१ रोजी अमेरिकेतल्या मायामी शहरात बिल विल्सन वारला. तो पंचाहत्तर वर्षांचा होता. तोवर जगभरातले लाखो लोक त्याला फक्त ‘बिल डब्ल्यू.’ या नावानं ओळखत होते. तो गेल्यावर वर्तमानपत्रांनी त्याचं पूर्ण नाव छापलं. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे ए.ए. या दारूमुक्तीच्या चळवळीचा तो सहसंस्थापक. डिसेंबर १९३४मध्ये न्यू यॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलात तो भरती झाला आणि त्यानंतरची छत्तीस वर्षं त्यानं दारूला हात लावला नाही.

तो गेला तो फुप्फुसांच्या आजारानं. एम्फिसीमा. या आजारात फुप्फुसातल्या हवेच्या नाजूक पिशव्या फाटत जातात आणि माणसाला आत घेतलेला श्वास धड बाहेरही टाकता येत नाही. बिल आयुष्यभर सिगरेट ओढत होता. अगदी शेवटी ती सुटली, पण तोवर फुप्फुसं संपली होती. १९७०च्या जुलैमध्ये मायामीत ए.ए.चं मोठं अधिवेशन भरलं, तेव्हा तो इतका थकला होता की त्याला व्यासपीठावर चाकांच्या खुर्चीतून आणावं लागलं.

हे सांगताना ‘बघा, कसा विरोधाभास’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ए.ए.वाल्यांना सिगरेट दिसत नव्हती असं नाही. बैठकीच्या खोलीत धूर भरलेला असायचा, टेबलावर कॉफीची किटली आणि भरलेले अ‍ॅशट्रे असायचे. दिसत होतं सगळ्यांनाच. तिला हात लावायचा नाही, असं मात्र जवळपास सगळ्यांनी ठरवलं होतं. कारण एक साधा, समजूतदार वाटणारा विचार होता : आधी दारू, बाकीचं नंतर बघू. एका वेळी एकच.

हा विचार कुठून आला, तो किती लोकांना महागात पडला आणि तो तपासून बघायला एवढा वेळ का लागला, याचा हा इतिहास.

जुनी जोडी

दारू आणि तंबाखू यांना वेगळं काढणं ही विसाव्या शतकातली गोष्ट आहे. त्याआधी अमेरिकेतले डॉक्टर आणि सुधारक दोन्हींना एकाच गाडीची दोन चाकं मानत. बेंजामिन रश हे फिलाडेल्फियातले नामांकित डॉक्टर, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. कडक दारूच्या परिणामांवर त्यांनी १७८४मध्ये लिहिलेला प्रबंध प्रसिद्धच आहे. पण १७९८मध्ये त्यांनी तंबाखूवरही एक निबंध लिहिला. तंबाखूनं घसा कोरडा पडतो, तहान लागते, ती तहान पाण्यानं भागत नाही आणि माणूस दारूकडे वळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातलं शरीरशास्त्र आज टिकणार नाही, पण एक चाक फिरलं की दुसरं फिरतं हे निरीक्षण चुकीचं नव्हतं.

पुढच्या शतकात दारूबंदीची चळवळ उभी राहिली. स्त्रियांच्या ‘विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन’नं तंबाखूविरोधही आपल्या कामात घेतला. त्याच मुशीतून आलेल्या लूसी पेज गॅस्टननं १८९९मध्ये शिकागोत सिगरेटविरोधी संघटना काढली. १८९० ते १९२७ या काळात अमेरिकेतल्या पंधरा राज्यांनी कधी ना कधी सिगरेटच्या विक्रीवर बंदी घातली होती.

उपचारांचंही तसंच. लेस्ली कीली या डॉक्टरनं १८७९च्या सुमारास इलिनॉयमधल्या ड्वाइट या छोट्या गावी आपली ‘सुवर्णचिकित्सा’ सुरू केली. दिवसातून चार वेळा इंजेक्शन, वर एक गुप्त औषध. त्यात सोनं असल्याचा दावा होता, ज्यावर इतर डॉक्टरांनी कधीच विश्वास ठेवला नाही. पण त्याच्या जाहिरातीत दारू आणि अफूच्या बरोबरीनं तंबाखूही असे.

आणि ज्या टाउन्स हॉस्पिटलात बिल विल्सनची दारू सुटली, त्याचा मालक चार्ल्स टाउन्स? हा मूळचा विमा विकणारा. डॉक्टरकीचं शिक्षण नाही, पण धंद्याची जाण पक्की. १९१५मध्ये त्यानं अफू, दारू आणि तंबाखू या तिन्हींवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात तंबाखूवर जोरदार तोफ डागली. तंबाखूनं सुरुवात होते, मग दारू, मग अफू, अशी उतरंडच त्यानं मांडली होती. म्हणजे ज्या इमारतीत ए.ए.च्या सहसंस्थापकाचा दुसरा जन्म झाला, तिचा मालक तंबाखूला मूळ रोग समजत होता. बिल तिथून दारू सोडून बाहेर पडला, पण सिगरेट त्याच्यासोबतच बाहेर आली.

ताटातूट

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. पहिलं महायुद्ध झालं आणि सिगरेट ही सैनिकाच्या शिध्यातली वस्तू झाली. खंदकातून घरी परतलेल्या मुलाच्या हातातली सिगरेट काढून घ्यायची कुणाची प्राज्ञा नव्हती. आणि १९२० ते १९३३ ही तेरा वर्षं दारूबंदी येऊन गेली. ती इतकी फसली की ‘टेम्परन्स’ हा शब्दच चेष्टेचा झाला. व्यसनांवर बोलणारी, नाक वर केलेली, धर्माचं नाव घेऊन दुसऱ्याच्या घरात डोकावणारी बाई किंवा पाद्री, असं त्या शब्दाबरोबर चित्र डोळ्यांसमोर यायला लागलं.

ए.ए. सुरू झाली ती या पडझडीनंतर दोनच वर्षांनी. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी बिलची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस ए.ए.चा स्थापनादिन मानला जातो. या नव्या चळवळीला प्रवचन नको होतं. दारुड्याला दारुड्याच समजून घेऊ शकतो, त्याला कमी लेखून काही होत नाही, ही तिची सगळ्यात मोठी ताकद. सिगरेटबद्दल टोकणं म्हणजे पुन्हा त्या जुन्या नाक वर केलेल्या मंडळींच्या पंगतीत जाऊन बसणं.

याचा पुरावा ए.ए.च्या १९३९च्या मूळ पुस्तकातच आहे. घरच्यांनी कसं वागावं, या प्रकरणात एका सदस्याची हकीकत येते. हा माणूस दारू सोडलेला, पण सिगरेट आणि कॉफी यांचा अतिरेक करणारा. बायकोला या गोष्टी पापासारख्या वाटायच्या. ती टोकत राहिली, तो चिडला आणि त्या रागात जाऊन दारू प्यायला. पुस्तक त्याला निर्दोष म्हणत नाही, चूक त्याचीच असं स्पष्ट सांगतं. पण हकीकत संपते ती अशी : तो आता चळवळीचा उत्तम कार्यकर्ता आहे, अजूनही सिगरेट ओढतो, आणि त्यावरून कुणी त्याला बोल लावत नाही.

ही अर्ध्या पानाची हकीकत लाखो घरांत गेली. तिचा बोध काय घेतला गेला असेल, हे सांगायला नको. सिगरेटवरून टोकलंत तर दारू परत येईल.

त्या वेळच्या विज्ञानानंही या समजुतीला धक्का दिला नाही. सिगरेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारे पहिले ठळक अभ्यास १९५०मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. बॉब गेले. १९६४मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा प्रसिद्ध अहवाल आला. त्यानं धूम्रपान जीवघेणं असल्याचं ठणकावून सांगितलं. पण त्याच अहवालानं तंबाखूला ‘व्यसन’ न म्हणता ‘सवय’ म्हटलं. निकोटिन हेरॉइन आणि कोकेनच्या अर्थानं व्यसन लावतं, हे सर्जन जनरलच्या अहवालात यायला १९८८ साल उजाडलं. मधली चोवीस वर्षं व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरकडे सिगरेट न हाताळण्याचं अधिकृत कारण होतं : मी व्यसनाचा डॉक्टर, ही तर सवय आहे.

शिवाय हातात साधनही नव्हतं. दारूसाठी १९४८मध्ये डेन्मार्कमध्ये डायसल्फिराम सापडलं होतं. ते घेऊन दारू प्यायली की माणसाला असह्य त्रास होतो. सिगरेटसाठी असं काही नव्हतं. स्वीडनमधल्या ओवे फर्न्यो या औषधशास्त्रज्ञाला त्याच्या मित्रानं १९६७मध्ये कळवलं की पाणबुडीत सिगरेट ओढता येत नाही म्हणून खलाशी तंबाखू चघळतात आणि त्यांचं भागतं. त्यातून निकोटिनचं च्युइंगगम तयार झालं. अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली १९८४मध्ये. तोवर डॉक्टरकडे सांगायला बरंच होतं, द्यायला काहीच नव्हतं.

एका वेळी एकच बदल

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या कामात पहिल्याच वर्षी एक नियम अंगवळणी पडतो : बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि प्रणाली कोसळली, तर कशामुळे कोसळली ते कळत नाही. म्हणून ‘आधी दारू, मग सिगरेट’ हे वाचल्यावर मला ते मुळीच मागासलेलं वाटलं नाही. उलट, नीट विचार करणारा माणूस असंच म्हणेल असं वाटलं.

पण या नियमाला एक अट आहे. ते दोन भाग एकमेकांपासून खरंच वेगळे असायला हवेत. दोन प्रोग्राम एकाच मेमरीवर लिहीत असतील, तर ‘मी फक्त एकालाच हात लावला’ याला काही अर्थ उरत नाही.

दारू आणि निकोटिन यांचं असंच आहे. निकोटिन मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, त्यांच्या कामात दारूही ढवळाढवळ करते. दोन्हींमुळे डोपामिन वाढतं. दारूनं येणारी गुंगी निकोटिन कमी करतं, त्यामुळे माणूस जास्त वेळ पीत बसू शकतो. आणि रसायनं बाजूला ठेवली, तरी सवयीची गाठ आहेच. पहिला घोट आणि पहिला झुरका वर्षानुवर्षं एकत्र घेतले की एकाची आठवण दुसऱ्याला ओढून आणते. दारू सोडायला आलेल्यांत सिगरेट ओढणारे बहुसंख्य असत, ते काही योगायोगानं नव्हे.

केंद्रांमध्ये मात्र वेगळीच घडी बसली होती. समुपदेशक पुष्कळदा स्वतः दारू सोडलेले असत आणि सिगरेट ओढत असत. रुग्णाशी जवळीक साधायची ती बाहेरच्या बाकावर, एकाच काडीवर दोन सिगरेटी पेटवून. शिस्त पाळली की सिगरेटची सुट्टी मिळे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं इमारतींमध्ये धूम्रपान बंद करायचं ठरवलं, तेव्हा मनोरुग्णांच्या आणि व्यसनांच्या विभागांसाठी सवलत मागणाऱ्यांमध्ये रुग्णांच्या बाजूनं लढणाऱ्या संघटनाही होत्या. आणि सवलत मिळाली. हृदयरोग्याला सिगरेट बंद, दारुड्याला चालेल. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ‘एवढं तरी राहू द्या बिचाऱ्याला’ ही खरीखुरी माया होती.

मृत्यूच्या दाखल्यांची मोजणी

या मायेचा हिशेब मिनेसोटा राज्यातल्या मेयो क्लिनिकमध्ये लागला. डॉ. रिचर्ड हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम दिसायला अगदी साधं होतं. त्यांनी ओल्मस्टेड काउंटीत राहणाऱ्या अशा ८४५ लोकांची यादी घेतली, जे १९७२ ते १९८३ या काळात दारू किंवा इतर नशेच्या उपचारांसाठी भरती झाले होते. मग १९९४पर्यंत त्यांचं काय झालं ते शोधलं. २२२ जण वारले होते. त्यांतल्या २१४ जणांचे मृत्यूचे दाखले मिळाले. एप्रिल १९९६मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

३४.१ टक्के मृत्यू दारूशी संबंधित कारणांनी झाले होते. ५०.९ टक्के तंबाखूशी संबंधित कारणांनी.

वीस वर्षांत या गटातले ४८.१ टक्के लोक दगावले. त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण १८.५ टक्के अपेक्षित होतं. म्हणजे दारूच्या उपचारांसाठी ज्यांनी दार ठोठावलं, डॉक्टरांनी ज्यांच्या यकृताची काळजी केली, ज्यांना ‘आधी दारू’ असं सांगितलं गेलं, त्यांना नेणाऱ्या कारणांत पहिला नंबर तंबाखूचा होता. ‘नंतर बघू’मधलं ते ‘नंतर’ अनेकांच्या वाट्याला आलंच नाही.

या अभ्यासात कुठलं नवं यंत्र नव्हतं. दाखले पडून होते. बघायचं कुणाला सुचलं नव्हतं, एवढंच.

भीती खरी की खोटी?

पण मृत्यूचे आकडे कितीही बोलके असले, तरी १९३९च्या हकीकतीतली भीती त्यांनी खोडली जात नाही. सिगरेट सोडायला लावली आणि माणूस खरंच दारूकडे परतला तर? हे तपासायचं तर प्रयोगच करायला हवे होते.

२००४मध्ये दोन महत्त्वाचे निबंध आले आणि गंमत म्हणजे ते वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवत होते. ज्युडिथ प्रोचास्का आणि सहकाऱ्यांनी १९ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. उपचारांदरम्यान ज्यांना सिगरेट सोडायला मदत मिळाली, त्यांची दारू आणि इतर नशेपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त होती. भीतीच्या नेमकं उलट. मात्र सिगरेट सुटल्याचा फायदा उपचार संपताना दिसत होता, पुढे तो विरत गेला होता.

दुसरा निबंध अ‍ॅन जोसेफ आणि सहकाऱ्यांचा, पुन्हा मिनेसोटातलाच. ४९९ लोकांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला दारूच्या उपचारांबरोबरच सिगरेट सोडायची मदत दिली, दुसऱ्याला सहा महिन्यांनंतर. सिगरेट सुटण्याचं प्रमाण अखेरीस दोन्हींकडे जवळपास सारखंच निघालं. पण लगेच मदत दिलेल्या गटात दारूपासून दूर राहणारे कमी भरले.

जुन्या मताच्या लोकांना या प्रयोगानं बळ दिलं आणि तो नजरेआड करणं बरोबर नाही. पण तो काय सांगतो हे नीट वाचायला हवं. दुसऱ्या गटाला ‘नंतर बघू’ असं मोघम सांगितलेलं नव्हतं. त्यांना ठरलेल्या वेळी, ठरलेली मदत मिळाली. प्रश्न ‘आज की सहा महिन्यांनी’ एवढाच होता. साध्या केंद्रांत प्रत्यक्षात चालणारा पर्याय होता ‘आज की कधीच नाही’.

२०१६मध्ये कॉक्रेन या संस्थेनं अशा प्रयोगांचा मोठा आढावा घेतला. औषधं आणि समुपदेशन यांनी या लोकांची तंबाखू सुटायला मदत होते. दारू किंवा इतर नशेपासून दूर राहण्यावर त्याचा वाईट परिणाम झाल्याचं दिसत नाही, चांगला झाल्याचंही नाही. ऐकायला हे निरुत्साही वाटेल. पण ऐंशी वर्षं ज्या भीतीनं सिगरेटला हात लावू दिला नव्हता, तिच्यासाठी हा निकाल पुरेसा होता.

दरम्यान धोरणं बदलू लागली होती. न्यू जर्सी राज्यानं १९९९मध्ये नियम केले : निवासी व्यसनमुक्ती केंद्रांनी तंबाखूवरही उपचार करायचे आणि आवार तंबाखूमुक्त ठेवायचं. लोक अर्ध्यातून पळून जातील, सिगरेट ओढणारे दाखलच व्हायचे नाहीत, असं भाकीत होतं. पुढच्या पाहणीत दोन्हींपैकी काहीही घडल्याचं दिसलं नाही. न्यू यॉर्क राज्यानं जुलै २००८पासून आपल्या सगळ्या केंद्रांना हा नियम लावला. तिथे अवघड गेलं ते कर्मचाऱ्यांना. रुग्णांबरोबर बाकावर बसून ओढणाऱ्यांना आधी स्वतःकडे बघावं लागलं.

एका गोळीत दोन्ही?

गाठ एकच असेल तर सोडवायला एकच औषध चालेल का, हा पुढचा ओघानं येणारा प्रश्न. बल्गेरियात १९६४पासून ‘टॅबेक्स’ नावाची गोळी मिळते. लॅबर्नम या पिवळ्या फुलांच्या झाडापासून निघणारं सायटिसिन त्यात असतं. ते निकोटिनच्याच रिसेप्टरवर बसतं. शीतयुद्धात पूर्व युरोपाबाहेर फारसं कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याच रेणूवरून प्रेरणा घेऊन अमेरिकेत व्हॅरेनिक्लिन तयार झालं आणि २००६मध्ये धूम्रपान सोडण्यासाठी बाजारात आलं. पुढे काही प्रयोगांत ते घेणाऱ्यांचं दारू पिणंही थोडं कमी झालेलं आढळलं.

मग रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये एक मोठा प्रयोग झाला. एचआयव्हीबाधित, रोज सिगरेट ओढणारे आणि अतिरेकी दारू पिणारे ४०० लोक. काहींना व्हॅरेनिक्लिन, काहींना सायटिसिन, काहींना निकोटिनचा फवारा. २०२२मध्ये निकाल आला : दारू कमी करण्यात कुठलंच औषध दुसऱ्याहून सरस ठरलं नाही. पण औषध कुठलंही असो, ज्यांची सिगरेट सुटली ते दारूही कमी पीत होते. यावरून सिगरेट सुटल्यामुळे दारू कमी झाली असं म्हणता येत नाही. कदाचित ज्यांना एक जमलं त्यांनाच दुसरं जमलं असेल. पण सिगरेट सोडणारा दारूत बुडतो, हे चित्र तिथे दिसलं नाही एवढं नक्की.

आपल्याकडे

आपल्याकडे या इतिहासाचं रूप थोडं बदलतं. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करणारे निघाले. त्यांतले बहुतेक ओढणारे नव्हेत, खाणारे. चुना लावून मळलेली, मिश्रीची, गुटख्याची. धूर नाही, म्हणून केंद्राच्या आवारात ती डोळ्यांवर येत नाही. पण दारूशी तिचा मेळ अधिक घातक ठिकाणी बसतो. अमेरिकेत १९८८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भरपूर दारू आणि दिवसाला दोन पाकिटं सिगरेट असणाऱ्यांना तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका दोन्हींपासून दूर असणाऱ्यांच्या पस्तीस पटींहून जास्त आढळला. दोन धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. तंबाखू गालात धरून ठेवणाऱ्या आपल्या समाजात हा गुणाकार कुठल्या अवयवावर उतरतो, हे कॅन्सरच्या कुठल्याही रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात दिसतं.

‘दारू सुटली, हेच खूप’ असं आपल्याकडे घरचे म्हणतात, विशेषतः बायका म्हणतात, आणि त्यांच्या हिशेबात काहीच चूक नाही. दारूनं घरात मारहाण होत होती, पगार संपत होता, मुलं कोपऱ्यात बसत होती. तंबाखू कुणाला मारत नाही, रात्री दार ठोठावत नाही. पुडीचे पैसे दारूच्या मानानं किरकोळ. तिचं बिल पंधरा-वीस वर्षांनी येतं. ज्या बाईनं दहा वर्षं दारू भोगली, तिनं आजच्या शांततेवर समाधान मानलं तर तिला दोष कोण देणार?

तो हिशेब तिनं करायचाच नाही, केंद्रानं करायचा आहे. इतक्या वर्षांच्या प्रयोगांतून हाती लागलेल्या गोष्टी तशा मोजक्याच आहेत. दारूसाठी भरती होणाऱ्या प्रत्येकाला तंबाखूबद्दल पहिल्या दिवशी विचारावं आणि ते कागदावर लिहावं. मदत आजच देऊ करावी. तो ‘आत्ता नको’ म्हणाला तर जबरदस्ती करू नये, जोसेफ यांच्या प्रयोगानं तेवढी सावधगिरी शिकवली आहे. पण ‘मग कधी?’ असं विचारून तारीख घ्यावी. तंबाखू हे बक्षीस म्हणून देऊ नये आणि ती खाल्ली म्हणून कुणाला केंद्रातून हाकलूही नये. घरी गेल्यावर मदत लागली तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत.

१९३९च्या हकीकतीतल्या त्या बायकोचं नाव पुस्तकात नाही. ती टोकायची ते पापाच्या कल्पनेतून, आणि तिच्या टोकण्याची पद्धत चुकली असेलही. पण काळजीचा विषय तिनं बरोबर धरला होता. पुस्तकानं तिला गप्प राहायचा सल्ला दिला, आणि पुढची पन्नासेक वर्षं जवळजवळ सगळ्यांनीच तो पाळला.